बिस्किटांच्या डब्यातील चोवीस तास

ज्या वस्तूमुळे आमच्या चौकातील वाहतूक एक तास पन्नास मिनिटे बंद राहिली, ती वस्तू मी स्वतः तयार केली होती आणि ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बसवलेली होती. हे आरंभीच नमूद करून ठेवतो. कारण या प्रकरणाच्या ज्या हकिगती आमच्या इमारतीत प्रचलित आहेत, त्यांपैकी एकीत डब्याची लोखंडी पेटी झाली आहे आणि दुसरीत मला हातकड्या घातल्या गेल्या आहेत. डबा पत्र्याचा होता. हातकड्या कोणी घातल्या नाहीत. "काका, तुम्ही इथेच बसा," एवढेच मला सांगण्यात आले, आणि मी बसलो.

तंत्रनिकेतनाची पदविका घेतल्यावर अडतीस वर्षे मी एका कारखान्याच्या बॉयलर विभागात मापनयंत्रे तपासण्याचे काम केले. दाबमापक, तापमापक, बाष्पाचा प्रवाह मोजणारी यंत्रे, हे माझे जग. या कामाचा पहिला नियम असा की, काट्याचे शून्य जुळवल्याशिवाय कोणतेही माप घेऊ नये. ज्या दाबमापकाचा काटा बॉयलर थंड असतानाही तीनवर उभा असतो, तो बॉयलर तापल्यावर काय बोलेल त्यावर विश्वास ठेवणे म्हणजे आंधळ्याला वाट विचारणे होय. हा नियम मी संसारातही पाळत आलो. संसाराचे मत याबाबत वेगळे आहे, पण ते पुढे येईलच.

प्रकरणाची सुरुवात जिन्यात झाली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेले वर्षभर सौभाग्यवती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबू लागली होती. मी विचारले की म्हणे, "थांबले कुठे? जरा बाहेरचं बघतेय." त्या वळणावरच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. भिंतीवर एक सांडपाण्याचा नळ आहे. अडतीस वर्षे काट्यांकडे पाहण्यात घालवलेल्या माणसाला ही साधी नोंद वाचता येऊ नये, याचे मला आजही आश्चर्य वाटते. एक इसम रोज त्याच जागी थांबून त्याच नळाकडे पाहतो आणि प्रत्येक वेळी थोडा अधिक वेळ पाहतो, यात निसर्गप्रेम नव्हते.

शेवटी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले. रक्तदाब एकशे अठ्ठावन्न आणि शहाण्णव. उपाशीपोटीची साखर मर्यादेबाहेर. कंबरेचा घेर, जो डॉक्टरीणबाईंनी शिंप्याच्या फितीने मोजला (फीत ताणलेली होती, हे मी लक्षात आणून दिले, त्यांनी मला बाहेर बसायचे आहे का, असे विचारले), तोही अधिक.

"गोळ्या देते," त्या म्हणाल्या. "पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. मीठ कमी, चहातली साखर बंद, आणि रोज चाळीस मिनिटं चालायचं. तीन महिन्यांनी या. आकडे उतरले नाहीत तर मी तुम्हाला हृदयाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवणार. तिथे धमनीत नळी घालून बघतात."

सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. ती कशालाही घाबरत नाही असा माझा चव्वेचाळीस वर्षांचा समज होता. तो त्या क्षणी गेला.

घरी येऊन मी थोडे वाचन केले, आणि खरे सांगायचे तर थक्क झालो. मूठभर आकाराचा तो पंप दिवसाला एक लाख वेळा ठोका देतो. शेजारची दोन फुप्फुसे दिवसाला दहा हजार लिटरहून अधिक हवा आत-बाहेर करतात. आमच्या कारखान्यातला मोठा पंप दर सहा महिन्यांनी उघडावा लागे आणि त्याच्या दिमतीला चार माणसे होती. हा पंप सत्तर सत्तर वर्षे एकदाही बंद न करता चालतो, त्याला तेल घालावे लागत नाही, आणि त्याच्या मालकाला तो कुठे आहे हेही धड सांगता येत नाही. गोळ्यांच्या वेळा समजून घ्यायला दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारले की, याच्या देखभालीचा काळ किती. त्या म्हणाल्या, "चाळीस मिनिटं. रोज."

तेव्हा आम्ही चालू लागलो. पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघालो आणि चौकापर्यंत पोहोचलो. चौकात मालमोटारींची रांग, बसगाड्यांचा थांबा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचे डिझेलवर चालणारे जनित्र. तिला खोकल्याची उबळ आली, छातीला हात लावून ती खांबाला टेकली, आणि आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने गेलो. तिसऱ्या दिवशी ती पायांत चपलाच घालेना.

"चालायला माझी ना नाही हो," ती म्हणाली. "पण चालताना श्वासही घ्यावा लागतो. इथे घेतला की छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं. तुम्ही हवा बदलून आणा, मी चालते."

कोणी म्हणेल, ही बोलायची रीत झाली. परंतु तंत्रज्ञाला मागणी ही मागणीच असते. हवा बदलणे माझ्या आवाक्यात नव्हते. मात्र आमच्या रस्त्यावर चोवीस तासांत बरी हवा कधी असते, हे शोधता येण्यासारखे होते. आणि ते मोजल्याशिवाय तिला पुन्हा त्या धुरात नेणे म्हणजे शून्य न जुळवता बॉयलर पेटवणे.

पहिला प्रयोग रुमालांचा. सात पांढरे रुमाल घेऊन, सात वेगवेगळ्या वेळी, नाकाला रुमाल लावून मी चौकात प्रत्येकी वीस मिनिटे उभा राहिलो. नंतर ते रुमाल न धुता, वेळेच्या चिठ्ठ्या टाचून, सज्जातल्या दोरीवर क्रमाने वाळत घातले. निष्कर्ष निघण्यापूर्वीच खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर निरोप पाठवला की, घरात कोणी गेले आहे का, रोज एकेक रुमाल वाढतो आहे. सौभाग्यवतीने सर्व रुमाल एकत्र भिजवून टाकले. सात दिवसांची निरीक्षणे एका बादलीत विरघळली.

या सुमारास सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. आमच्या समोर बँकेतून निवृत्त झालेले रोखपाल राहतात. ते सदैव दीर्घ श्वसन करीत असल्याने इमारतीत त्यांना 'दीर्घश्वास' म्हणतात.

"पहाटे," ते म्हणाले, आणि त्यांनी एक श्वास घेतला, जो पुरा होईपर्यंत मला थांबावे लागले. "पहाटे पाचला जायचं. त्या वेळची हवा म्हणजे अमृत. मी वीस वर्षं घेतोय."

"ती मोजलीत का?"

"श्वास मोजतो. आत चार, बाहेर आठ."

"हवा."

"हवा काय मोजायची? ती कळते."

माझे मेहुणे, म्हणजे हिचे थोरले बंधू, त्याच आठवड्यात आले. सज्जात उभे राहून त्यांनी सिगारेट पेटवली आणि खाली रस्त्याकडे पाहून म्हणाले, "काय धूर आहे हो तुमच्याकडे. माणसानं जगावं कसं?" मग एक झुरका घेऊन, "हिला आमच्याकडे पाठवा महिनाभर. आमच्याकडे हवा स्वच्छ आहे." त्यांच्या घराची हवा मला माहीत आहे. तिथून आणलेल्या वर्तमानपत्रालासुद्धा आठवडाभर वास येतो.

"दादा, आधी ती विझव," सौभाग्यवती आतून म्हणाली.

"ही शेवटची."

"शेवटची म्हणून तू माझ्या लग्नात ओढली होतीस."

तेव्हा मी यंत्र बनवायचे ठरवले. त्याची रचना अशी. माशांच्या काचपेटीत हवा सोडणारा छोटा पंप असतो. तो उलटा जोडला की फुंकण्याऐवजी ओढतो. त्याला एक नळी. नळीच्या तोंडाशी गाळणकागदाची लांब पट्टी, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून आणलेली. पट्टी गुंडाळलेल्या रिळाला जुन्या गजराच्या घड्याळाचे यंत्र जोडलेले, म्हणजे दर तासाला पट्टी एक बोट पुढे सरके आणि नळी कोऱ्या जागी नवा डाग पाडू लागे. डाग जितका काळा, तितकी त्या तासाची हवा वाईट. वीज पुरवायला स्कूटरची बॅटरी. हे सर्व बिस्किटांच्या मोठ्या डब्यात बसले, कारण साखर बंद झाल्यापासून तो डबा बेकार होता. एकूण काम सतरा दिवस चालले. त्या सतरा दिवसांत सौभाग्यवती चालली नाही, हे मला तिने दोनदा आणि मेहुण्यांनी दूरध्वनीवरून एकदा लक्षात आणून दिले.

यंत्र तयार झाल्यावर ते चौकातील विजेच्या खांबावर, माणसाच्या नाकाच्या उंचीवर लावण्यासाठी मी परवानगी मागायला नगरपालिकेत गेलो. विनापरवाना काही करणे माझ्या स्वभावात नाही.

दिवाबत्ती विभागातल्या कारकुनांनी माझा तीन प्रतींतला अर्ज आराखड्यासह वाचला. "खांब आमचा," ते म्हणाले. "पण तुम्हाला मोजायची आहे हवा. हवा आमच्याकडे नाही. ती आरोग्य विभागाकडे."

आरोग्य विभाग दुसऱ्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. तिथल्या बाई म्हणाल्या, "हवा आमची, बरोबर. मोजा खुशाल. पण खांब आमचा नाही."

मी पुन्हा दिवाबत्तीत आलो. अशा चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीस त्या कारकुनांना माझी दया आली असावी. त्यांनी चष्मा काढला.

"काका, नियम असा आहे. खांबाला वस्तू लटकवायची असेल तर परवानगी लागते. वस्तू खांबाला नुसती टेकलेली असेल तर नाही लागत. सायकली नाही का टेकवत लोक?"

"म्हणजे तिपाई करून तिच्यावर ठेवली तर?"

"मी असं काही सांगितलेलं नाही," ते म्हणाले आणि चष्मा पुन्हा घातला.

मी तिपाई केली. आता एक शेवटची बाब राहिली होती, आणि तिच्यात जो दोष मला लावला जातो तो मला आजही पूर्णतः मान्य नाही. कोणतेही चालू यंत्र उघड्यावर ठेवताना त्यावर स्पष्ट सूचना लावावी, हा आमच्या विभागाचा दंडक. मी लाल रंगात, दोन इंची सुवाच्य अक्षरांत डब्यावर लिहिले: 'सावधान. यंत्र चालू आहे. हात लावू नये. बुधवारी सकाळी ठीक अकरा वाजता पूर्ण होईल.' काय पूर्ण होईल, ते लिहायला डब्यावर जागा उरली नव्हती.

मंगळवारी सकाळी अकराला डबा खांबाला टेकवून मी घरी आलो. दिवसभरात चार वेळा आणि बुधवारी सकाळी सहाला जाऊन बॅटरी तपासली. सर्व सुरळीत होते. घड्याळ टिकटिकत होते.

बुधवारी नऊ वाजून गेल्यावर मी वर्तमानपत्र वाचत होतो, तेव्हा काहीतरी बिघडले आहे असे मला जाणवले. बॉयलरचा आवाज थांबला की झोपलेला माणूसही जागा होतो, तसे. मी मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा ऐकू येत होता. बावीस वर्षे ते घड्याळ त्या भिंतीवर आहे. त्याला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळले.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "हे काय झालं? कान बसले का माझे?"

आम्ही सज्जात गेलो. रस्ता रिकामा होता. चौकापासून शाळेच्या फाटकापर्यंत एकही वाहन नाही. काळा, सरळ, स्वच्छ रस्ता, जणू नुकताच कोणी अंथरला आहे. त्याच्या मधोमध एक कुत्रा बसला होता आणि तोही गोंधळलेला दिसत होता.

खाली शिट्टी वाजली. चौकातले वाहतूक हवालदार इमारतीच्या दारात उभे राहून ओरडत होते, "सगळ्यांनी खाली या. शाळेच्या फाटकाकडे चालत जा. पळायचं नाही. चौकाकडे कुणी जायचं नाही."

जिन्यात इमारत लोटली. सौभाग्यवतीचा हात धरून मी उतरलो. दीर्घश्वास आमच्या पुढे होते आणि धावपळीत त्यांचे आत चार, बाहेर आठ हे प्रमाण पार कोलमडले होते. खाली आल्यावर त्यांनी हवालदारांना विचारले, "झालं काय?"

"चौकात बेवारस डबा सापडलाय. घड्याळ आहे आत, बॅटरी आहे, नळी आहे. आणि वर लाल अक्षरांत लिहिलंय, अकरा वाजता पूर्ण होईल म्हणून."

पाठोपाठ सौभाग्यवतीची चार बोटे माझ्या दंडात रुतली.

"तुमचंच ना ते?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"हो."

"मग सांगा जाऊन त्यांना."

"सांगतो."

मी एक पाऊल टाकले. आयुष्यात मी कधी खोटी नोंद केली नाही, आणि ही नोंद दडवण्याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता. परंतु हात सुटला नाही. मागे पाहिले तर ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती रस्त्याकडे पाहत होती. मग तिने श्वास घेतला. मोठा, पोटापर्यंतचा. मी खोकल्याची वाट पाहिली. खोकला आला नाही.

"अहो," ती म्हणाली, "फाटकापर्यंत जाऊन येऊ. मग सांगा."

आम्ही रस्त्याच्या मधोमध चाललो. बावीस वर्षांत आम्ही त्या रस्त्याच्या कडेनेसुद्धा नीट चाललो नव्हतो. आजूबाजूला सगळी इमारत चालत होती, शेजारच्या इमारतीही चालत होत्या, आणि भीतीने बाहेर पडलेली ती माणसे पन्नास पावलांनंतर फिरायला निघाल्यासारखी दिसू लागली. कोणी हळू बोलत होते, कारण मोठ्याने बोलायची गरजच नव्हती. पक्षी होते. ते आधीही असणार. फाटकापर्यंत माझी आठशे चाळीस पावले झाली. ती एकदाही थांबली नाही.

फाटकाशी मी तिला म्हणालो, "आता जातो."

"जा," ती म्हणाली. "मी अजून एक फेरी मारते."

हवालदारांपाशी जाऊन मी सर्व कबूल केले. पदविकेपासून सुरुवात केली, म्हणजे गैरसमज राहू नये. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"डबा तुमचा आहे?"

"बिस्किटांचा आहे. म्हणजे माझाच. चला, मी आत्ता बंद करून देतो."

"तसं चालत नाही, काका. तुम्ही सांगितलंत म्हणून मी त्याला हात लावू देऊ शकत नाही. आता वरिष्ठांना कळवलंय. पथक आल्याशिवाय कुणी जवळ जायचं नाही, मालकानं तर नाहीच. आणि तुमचा जबाब लागेल. तुम्ही इथेच बसा."

"पथक कधी येईल?"

"निघालंय. पण हा रस्ता बंद केल्यामुळे पलीकडे सगळी वाहनं तुंबलीत. त्यात अडकलंय."

अशा रीतीने मी पदपथाच्या कडेला बसलो आणि तीन प्रतींत जबाब लिहू लागलो. शेजारून जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाने मला पाहिले. दीर्घश्वासांनी तर थांबून पाहिले आणि म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, हवा मोजू नका." अडतीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीचा शेवट पदपथावर, मांडीवर पुठ्ठा घेऊन होईल, असे मला वाटले नव्हते.

परंतु जबाबाच्या पहिल्या प्रतीच्या मध्यावर मी मान वर केली, तेव्हा सौभाग्यवती समोरून गेली. दुसऱ्या प्रतीच्या आरंभी ती परत आली. तिने साडीचा पदर कमरेला खोचला होता आणि हात मोकळे सोडले होते. तिसऱ्या प्रतीच्या वेळी मी लिहायचे थांबलो. गाल किंचित लाल, तोंड मिटलेले, श्वास नाकाने, लयीत. एक लाखापैकी काही हजार ठोके माझ्या डोळ्यांसमोरून, माझ्याकडे न पाहता, चालत गेले. अनेक मोठी यंत्रे प्रथम सुरू होताना मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकाच्याही वेळी माझी लेखणी थांबली नव्हती. मी हातातले घड्याळ पाहिले. एक्केचाळीस मिनिटे.

पथक अकराला सहा मिनिटे कमी असताना आले. पथकाचे प्रमुख जाड पोशाखात डब्याकडे निघाले, तेव्हा मला राहवले नाही. मी उभा राहून म्हणालो, "साहेब, एक विनंती आहे. सहा मिनिटं थांबलात तर चोवीस तास पूर्ण होतील."

त्यानंतर जी शांतता पसरली, ती वाहतूक बंद झाल्यामुळे पसरली नव्हती.

"बसा," हवालदार म्हणाले.

प्रमुख डब्यापाशी वाकले. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. मग त्यांनी डोक्यावरचे जाड शिरस्त्राण काढले आणि मला हात करून जवळ बोलावले.

"हा माशांच्या पेटीचा पंप आहे ना? उलटा जोडलाय?"

"हो."

"झडप कशी फिरवलीत?"

मी सांगितले. ते म्हणाले, "छान," आणि हा शब्द त्या दिवशी माझ्याविषयी एवढा एकदाच उच्चारला गेला. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले, डब्याभोवती सावकाश एक चक्कर मारली, आणि अकरा वाजून गेल्यावर पंप बंद केला.

पट्टी आम्ही तिथेच, पोलीस गाडीच्या पुढच्या झाकणावर उलगडली. चोवीस डाग. मी, पथकाचे प्रमुख, हवालदार, आणि एव्हाना जवळ येऊन उभी राहिलेली सौभाग्यवती. नाण्याएवढी ती वर्तुळे काजळाने टिकल्या काढल्यासारखी काळी होती. संध्याकाळची सर्वांत काळी. पहाटे पाच ते सात, म्हणजे दीर्घश्वासांच्या अमृताची वेळ, तीही जवळपास तितकीच. रात्री जमिनीलगतच्या थंड हवेवर वरची ऊबदार हवा झाकणासारखी बसते आणि धूर तिच्याखाली कोंडतो, ऊन चढले की ते झाकण उठते. आदल्या दिवशी दुपारी दोन ते चार फिकट राखाडी. आणि शेवटी दोन डाग. नऊ ते दहाचा पुसट, आणि दहा ते अकराचा जवळजवळ दिसतच नव्हता. कोऱ्या कागदावर नळीच्या तोंडाचा नुसता ठसा. मोटारी थांबवल्यावर एवढ्या थोड्या वेळात एवढी स्वच्छ हवा येते, हे मला कोणी सांगितले असते तर मी त्याच्या यंत्राचे शून्य तपासले असते.

हवालदारांनी हळूच विचारले, "माझी पाळी सात ते तीन. ह्यातले माझे डाग कुठले?"

मी त्यांना आठ डाग दाखवले. त्यांनी ते एकेक करून बोटाने मोजले. शेवटच्या फिकट डागावर त्यांचे बोट थांबले.

"बारा वर्षं उभा आहे इथं," ते म्हणाले. "असला तास आजच मिळाला."

"तोही ह्यांच्यामुळे," सौभाग्यवती म्हणाली. माझी बाजू घेऊन तिने चारचौघांत उच्चारलेले हे बहुधा पहिलेच वाक्य होते.

मला समज देऊन सोडण्यात आले. चार दिवसांनी डबा परत मिळाला. सोबत शिक्क्याचा एक कागद होता: 'तपासणीअंती वस्तू निरुपद्रवी असल्याचे आढळले.' सौभाग्यवतीने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "जपून ठेवा. तुमच्यासाठीसुद्धा असा एखादा मिळतो का ते विचारायला हवं होतं."

त्यानंतर ती रोज दुपारी अडीचला चालू लागली, चौक टाळून, शाळेच्या मागच्या गल्लीने. मी सोबत असे. दीर्घश्वासांनी माझे यंत्र उलटे बसवले होते असे मत दिले, पण एका दुपारी तेही गल्लीत दिसले. चुकून आलो म्हणाले. आणि पुढे रोज चुकू लागले. मेहुण्यांना मी पट्टीचा एक तुकडा पाठवला. त्यांनी कळवले की, तो पाहिल्यापासून त्यांना अस्वस्थ वाटते, आणि अस्वस्थ वाटले की सिगारेट लागते.

ठरलेल्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रक्तदाब एकशे चौतीस आणि चौऱ्याऐंशी. साखर मर्यादेच्या आत, जेमतेम, पण आत. कंबर पाच सेंटीमीटरने कमी; या वेळी फीत ताणलेली आहे की नाही, हे मी पाहिले नाही. मोठ्या रुग्णालयाचा विषयच निघाला नाही. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले नाही, छताकडे पाहिले, आणि मग एकदा डोळे टिपले.

"आता तुमचाही बघू," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "आलाच आहात तर."

एकशे चौसष्ट आणि अठ्ठ्याण्णव. मी त्यांना यंत्राचे शून्य पुन्हा जुळवून घ्यायला सांगितले. त्यांनी जुळवले. एकशे सहासष्ट.

"तुम्ही किती चालता रोज?"

मी सत्य सांगितले. गल्लीच्या तोंडाशी एक बाक आहे. मी त्यावर बसून तिच्या फेऱ्यांच्या वेळा लिहितो.

"आणि साखर?"

"तिच्या चहातली बंद केली," मी म्हणालो.

"तिची ह्यांच्या कपात जाते," सौभाग्यवती म्हणाली. "बाई, तुम्ही काळजी करू नका. उद्यापासून हे चालतील. शून्य जुळवायचीसुद्धा गरज नाही. तीन महिन्यांत एक तो पोलिसांचा दिवस सोडला, तर काटा जागचा हललेला नाही."

दुसऱ्या दिवशी अडीचला मी बाकावरून उठलो आणि तिच्यामागून चालू लागलो. मागून म्हणजे अक्षरशः मागून. तिसऱ्या फेरीत तिने मला गाठून मागे टाकले आणि जाता जाता विचारले, "वेळ लिहू का?"

परतताना आम्ही चौकातून आलो. हवालदार त्यांच्या जागी होते. आम्हाला पाहून त्यांनी हात वर केला. चारही बाजूंची वाहने थांबली, आणि आम्ही पलीकडे पोहोचेपर्यंत त्यांचा हात खाली आला नाही. सौभाग्यवती मुद्दाम सावकाश चालली असा मला संशय आहे.

मग जिना. ती पुढे, मी मागे. तिची पावले वर वर जात राहिली, एका लयीत, न थांबता, आणि तिसऱ्या मजल्यावर कुलूप उघडल्याचा आवाज आला. मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होतो, एक हात कठड्यावर आणि दुसरा छातीवर, जिथे तो मूठभर पंप आपले काम तक्रारीच्या सुरात पण चोख करीत होता.

"अहो, थांबलात कुठे?" वरून हाक आली.

"थांबलो नाही," मी म्हणालो. "जरा बाहेरचं बघतोय."

समोर भिंत होती. भिंतीवर नळ होता. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.